विश्लेषण : साठीनंतर नुसते चालणे पुरेसे का नाही? पारावरचा सामूहिक व्यायाम काय साधतो?

जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसाने नदीला पूर आला आणि हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात घरांमध्ये पाणी शिरले. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्हा ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास तेवढ्याच तीव्रतेचा धक्का पुन्हा बसला. पूर असो की भूकंपाचा धक्का थांबल्यानंतरची वेळ, उठून घराबाहेर पडावे लागते. तरुणाला यात अवघड काही वाटत नाही. जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या सत्तरीतल्या माणसाला मात्र त्यासाठी कुशीवर वळावे लागते, हाताचा टेकू घेऊन बसावे लागते, गुडघ्यावर यावे लागते, उभे राहावे लागते आणि मग तोल सांभाळत उंबरा ओलांडावा लागतो. यातले एक जरी जमले नाही, तरी कोणीतरी उचलून न्यावे लागते.

संकटे रोज येत नाहीत. पण शौचाला जाणे, न्हाणीतल्या ओल्या फरशीवर पाय टाकणे, एसटीची पायरी चढणे ही कामे रोजची आहेत आणि त्यांनाही हीच ताकद, हाच तोल लागतो. ज्येष्ठांनी व्यायाम करावा, हे आता सगळेच सांगतात. तो व्यायाम नेमका कोणता, उघड्यावर आणि चार जणांत मिळून का, आणि कुरुंद्यासारख्या गावात तो कसा उभा राहू शकतो, याचा हा आढावा.

प्रश्न किती मोठा आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हेच प्रमाण १० टक्क्यांच्या जवळ होते. त्यानंतर ते वाढतच गेले आहे. हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या त्या जनगणनेत सुमारे ११ लाख ७७ हजार होती आणि त्यातले सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहत होते. म्हणजे येथील ज्येष्ठांचा प्रश्न हा मुख्यतः गावातल्या ज्येष्ठांचा प्रश्न आहे. मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला गेलेली असतात. मागे राहिलेल्या आईवडिलांपैकी एक जण पडला, तर दुसऱ्याच्या अंगात त्याला उचलण्याचे बळ नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडून झालेल्या दुखापतीने मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो आणि प्राणघातक पडण्याचे प्रमाण साठीपुढच्या वयात सर्वाधिक असते. मृत्यू टळला तरी खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, कर्ज, महिनोन्‌महिने अंथरूण आणि घरातल्या एका माणसाची बुडालेली मजुरी हे सगळे ओघाने येते. त्याहून न दिसणारे नुकसान भीतीचे. एकदा पडलेला माणूस पुन्हा पडू म्हणून चालणेच कमी करतो. चालणे कमी झाले की पाय आणखी कमजोर होतात आणि पडण्याचा धोका वाढतो.

वयानुसार शरीरात काय बदलते?

तिशी-चाळिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटू लागते. साठीनंतर हा वेग वाढतो. स्नायू जितके रोडावतात त्याहून त्यांची ताकद अधिक वेगाने कमी होते आणि झटकन जोर लावण्याची क्षमता सर्वात आधी जाते. ठेच लागल्यावर दुसरा पाय चटकन पुढे टाकून तोल सावरायला हीच क्षमता लागते. त्यामुळे वरून धडधाकट दिसणारा माणूसही एका ठेचेत कोसळू शकतो.

तोल ही एका अवयवाची गोष्ट नाही. डोळे, कानाच्या आतला संतुलनाचा भाग आणि तळपाय व घोट्यांतल्या संवेदना, अशा तीन ठिकाणांहून मेंदूला खबर मिळते. मोतीबिंदूने पहिली वाट धूसर होते. मधुमेहाने तळपाय बधिर झाले की तिसरी बंद होते. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येते, ती वेगळीच. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतर हाडांची झीज वेगाने होते. त्यामुळे पडणे साधे असले तरी मनगट किंवा खुबा मोडतो.

अंथरुणावर पडून राहण्याची किंमतही मोठी असते. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतला सुमारे १ किलो स्नायू घटला. ‘बाबा, तुम्ही आता बसून राहा, काही करू नका’ हे घरच्यांचे प्रेमाचे वाक्य म्हणूनच सांभाळून वापरायला हवे.

आयुष्यभर शेतात राबलेल्यांना व्यायाम कशाला?

गावात हा प्रश्न हमखास येतो आणि तो गैरवाजवी नाही. वसमत परिसर हळदीचा आणि उसाचा. खुरपणी, हळदीची काढणी, ऊसतोड, डोक्यावरचे भारे हे करत ज्यांची पन्नास वर्षे गेली, त्यांना हातपाय हलवण्याचे धडे कोणी का द्यावेत?

याची उत्तरे दोन आहेत. पहिले असे, की कष्टाने कमावलेली ताकद ठेवीसारखी साठून राहत नाही. काम थांबले की काही महिन्यांतच ती उतरणीला लागते. आणि शेतकऱ्याचे काम बऱ्याचदा अचानक थांबते. गुडघे दुखू लागतात, शेत मुलाच्या हाती जाते, बैलांची जागा ट्रॅक्टर घेतो, विहिरीची जागा घरातला नळ घेतो. कालपर्यंत दिवसभर रानात असणारा माणूस वसरीतल्या बाजेवर येतो आणि तेथेच राहतो. शहरातला नोकरदार साठीला निवृत्त होतो तेव्हा फिरायला जायचे हे तो ठरवून ठेवतो. शेतकऱ्याला निवृत्तीची तारीखच नसते, त्यामुळे असे ठरवणेही होत नाही.

दुसरे असे, की कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. खुरपताना पाठ तासन्‌तास एकाच बाजूला वाकलेली असते. ओझे वाहताना मानेवर आणि गुडघ्यांवर भार येतो. काही स्नायू अतोनात वापरले जातात आणि काही वापरलेच जात नाहीत. व्यायामात वजन, वेळ आणि विश्रांती मोजून असते आणि दुखले तर थांबता येते. मजुरीत थांबता येत नाही.

तरीही गावातल्या जगण्याची एक जमेची बाजू आहे. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे, जमिनीवरून उठणे हे सगळे सांधे आणि मांड्या यांना कामाला लावते. ब्राझीलमधील संशोधकांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांना जमिनीवर बसून शक्यतो आधार न घेता उठायला सांगितले आणि पुढे काही वर्षे त्यांची माहिती ठेवली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ज्यांना हात-गुडघ्यांचा खूप आधार घ्यावा लागला, त्यांच्यात त्या काळातील मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त आढळले. न उठता येणे हे मृत्यूचे कारण नव्हे, पण शरीर कोणत्या दिशेने चालले आहे याची ती खूण आहे. खुर्ची आणि कमोड ज्यांना गरजेचे आहेत त्यांनी ते वापरावेतच. ज्यांना अजून जमते त्यांनी मात्र खाली बसणे सोडू नये.

मग रोज फिरणे पुरेसे का नाही?

फिरणे हृदयासाठी, रक्तातल्या साखरेसाठी, झोपेसाठी उत्तम आहे आणि ते चालू ठेवलेच पाहिजे. पण सपाट रस्त्यावर संथ चालण्याने मांड्यांची ताकद फारशी वाढत नाही आणि तोल सावरण्याचा सरावही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांपुढच्यांसाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, किमान २ दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि किमान ३ दिवस तोल व ताकद यांवर भर देणारा विविधांगी व्यायाम. आपल्याकडे यातली पहिलीच गोष्ट लोकांपर्यंत पोहोचली आहे.

२०१९ मध्ये ‘कॉक्रन’ या संशोधन आढाव्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने १०८ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २५ देशांतले २३ हजारांहून अधिक ज्येष्ठ होते. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटले. हा फायदा मुख्यतः तोलाच्या आणि रोजच्या हालचालींवर आधारलेल्या व्यायामांचा होता. ‘ताई ची’ या चिनी संथ व्यायामाने घट सुमारे १९ टक्के होती. केवळ चालण्याच्या कार्यक्रमांबाबत मात्र असा ठोस निष्कर्ष काढता आला नाही.

उशीर झाला, असेही कोणी समजू नये. अमेरिकेतील बोस्टनच्या एका शुश्रूषागृहात सरासरी ८७ वर्षांच्या १०० जणांवर झालेली चाचणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. १० आठवड्यांच्या वजनाच्या व्यायामाने त्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक झाली आणि चालण्याचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढला. २०१४ मध्ये ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. नुसते आरोग्य शिक्षण मिळालेल्यांपैकी ३५.५ टक्के लोकांची ४०० मीटर चालण्याची क्षमता सुमारे अडीच वर्षांत गेली. चालणे, ताकद आणि तोल असा नियमित व्यायाम करणाऱ्यांत हेच प्रमाण ३०.१ टक्के होते. फरक चमत्कार वाटावा एवढा नाही. पण गावातल्या शंभर म्हाताऱ्यांपैकी आणखी पाच जण स्वतःच्या पायांनी मंदिरात जाऊ शकतात, असा त्याचा अर्थ आहे.

उघड्यावर आणि सर्वांनी मिळूनच का?

व्यायामाचा खरा शत्रू कंटाळा आहे. घरात एकट्याने सुरू केलेला व्यायाम पंधरा दिवसांत सुटतो. चार जण वाट पाहत असतील तर पाय आपोआप बाहेर पडतात. एखादा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी दारात येऊन ‘काका, काय झाले?’ म्हणून विचारतो. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी ही चौकशी व्यायामाइतकीच मोलाची असते.

जपानने हे फार आधी ओळखले. तेथे १९२८ मध्ये रेडिओवर व्यायामाचा कार्यक्रम सुरू झाला. आजही सकाळी साडेसहाला त्याची धून लागते आणि बागांमध्ये जमलेले ज्येष्ठ एका तालात हातपाय हलवतात. कोची शहरात २००२ मध्ये ‘शंभरीचा व्यायाम’ सुरू झाला. मनगटाला आणि घोट्याला थोड्या थोड्या वजनाचे पट्टे बांधून, खुर्चीवर बसून हळूहळू करायचा हा प्रकार वस्तीतल्या लोकांनीच चालवला आणि तेथून तो देशभर पसरला.

मराठी मुलखालाही हे नवे नाही. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातील बागेत डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला. आधी विनोद सांगून हसवले जाई. थोड्याच दिवसांत विनोद संपले, तेव्हा विनोदाशिवाय एकत्र हसायचे ठरले आणि हीच रीत टिकली. पुढे ती अनेक देशांत गेली. हसण्याचे विनोदावाचून अडले नाही, पण सोबत्यांवाचून ते जमले नसते. नागपुरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने १९५० च्या दशकापासून विनामूल्य सामूहिक योगवर्ग चालवले. ‘फेस्कॉम’ या महासंघाशी जोडलेले ज्येष्ठ नागरिक संघ अनेक शहरांत सकाळी बागेत जमतात.

उघड्यावर असण्याचे फायदेही आहेत, पण त्याबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. कोवळ्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळते असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात ते तयार करणारे किरण सूर्य वर आल्यावर अधिक असतात, पहाटेच्या उन्हात ते फार थोडे असतात. सकाळच्या उजेडाचा खात्रीचा लाभ झोपेला होतो. शरीराचे घड्याळ त्यावर लागते आणि रात्री झोप वेळेवर येते. शिवाय मोकळ्या जागेतली थोडी उंचसखल जमीन घोट्यांना आणि डोळ्यांना तोलाचा सराव देते, तो गुळगुळीत फरशीवर मिळत नाही.

गावात हे कशातून उभे राहू शकते?

त्यासाठी शहरी बाग लागत नाही. कुरुंद्यासारख्या गावात मंदिराचे पटांगण, पार, शाळेचे मैदान असते. गावाजवळच टोकाईचा गड आहे. त्याची चढण धडधाकट ज्येष्ठांसाठी मांड्यांचा उत्तम व्यायाम ठरते, अर्थात सोबत असेल आणि वाट कोरडी असेल तरच.

परंपराही हाताशी आहे. हिंगोली हा संत नामदेवांच्या नर्सीचा जिल्हा. येथून पंढरपूरला पालखी जाते आणि शेगावची गजानन महाराजांची पालखीही या जिल्ह्यातून पुढे जाते. वारकऱ्यांची पावली पाहिली तर तिच्यात तोलाच्या व्यायामाची सगळी अंगे दिसतात. भार एका पायावरून दुसऱ्यावर देणे, एक पाऊल पुढे, एक मागे, वळणे, हलकेच वाकणे आणि हे सगळे टाळांच्या ठेक्यावर, शेजाऱ्याच्या बरोबरीने. ताई चीमध्येही भार असाच सावकाश बदलला जातो. ज्या आजोबांना ‘एका पायावर उभे राहा’ म्हटले की हसू येते, ते पावली मात्र सहज धरतात.

खुल्या व्यायामशाळांचे काय? क्रीडा विभागाच्या अनुदानातून आणि लोकप्रतिनिधींच्या निधीतून राज्यात अनेक गावांत, शहरांत अशी साधने बसली आहेत. ती उपयोगी आहेत, पण सरसकट नाहीत. पाय ढकलण्याचे आणि बसून ओढण्याचे साधन ताकदीसाठी चांगले. कंबर गर्रकन फिरवण्याची गोल तबकडी मात्र ठिसूळ मणक्यांना धोक्याची. पाय पुढेमागे झुलवण्याच्या साधनावर चढता-उतरतानाच पडण्याची भीती असते. साधने बसवताना ती कशी वापरायची हे दाखवणारा माणूस आठवड्यातून दोनदा तरी असेल, तरच त्या खर्चाचे चीज होते. आणि साधने नसली म्हणून काही अडत नाही.

चाळीस मिनिटांची घडी कशी असावी?

पहिली ८ ते १० मिनिटे सावकाश चालणे आणि खांदे, मनगटे, घोटे फिरवणे. त्यानंतर १० मिनिटे ताकद. पाराच्या कट्ट्यावर बसून, हात छातीशी धरून उठायचे आणि सावकाश बसायचे, ८ ते १० वेळा, थांबून पुन्हा तितकेच. गुडघे दुखत असतील तर कट्टा उंच निवडावा किंवा हातांचा आधार घ्यावा. भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, भिंतीवर दंड काढल्यासारखे हात ढकलणे, पाण्याची भरलेली छोटी बाटली हातात घेऊन उचलणे.

पुढची १० मिनिटे तोल. भिंतीजवळ किंवा जोडीदाराच्या बाजूला उभे राहून एका पावलापुढे दुसरे पाऊल चिकटवून चालणे, एका पायावर १० आकडे मोजेपर्यंत उभे राहणे, बाजूला पावले टाकणे, शेवटी पावली. मग काही मिनिटे झपाझप चालणे. बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढा दम लागला म्हणजे वेग बरोबर आहे. शेवटी अंग ताणणे आणि शांत बसून श्वास.

जोर लावताना श्वास कोंडून धरू नये. त्याने रक्तदाब एकदम चढतो. मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो आणि सगळ्यांचा ठेकाही जुळतो. दोन-तीन आठवड्यांनी उठबशा सोप्या वाटू लागल्या की दोन-चार वाढवाव्यात. न वाढवलेला व्यायाम जागच्या जागी राहतो.

व्यायामाला जेवणाची जोड हवी. स्नायू प्रथिनांतून बनतात आणि वय वाढते तशी त्यांची गरज कमी होत नाही. नुसती भाकरी आणि पातळ वरण यावर पाय भरत नाहीत. घट्ट डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध-दही, चालत असेल तर अंडी रोजच्या ताटात असावीत. एका पाठोपाठ उपवास करणाऱ्या आजींनी याचा विचार विशेष करायला हवा.

सावधगिरी कोणती?

हृदयविकार, ताब्यात नसलेला रक्तदाब, अलीकडे झालेली डोळ्यांची किंवा हाडांची शस्त्रक्रिया, वारंवार चक्कर किंवा मागील वर्षात पडण्याचा प्रसंग असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी येऊ नये, खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. पाय बधिर असतील तर अनवाणी चालू नये आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत. सैल स्लिपर हे पडण्याचे मोठे कारण आहे, मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट बरे. छातीत दाब, घाम फुटणे, बोलता न येण्याइतका दम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही झाले तर लगेच थांबून बसवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. त्या दिवसांत ऊन चढण्याआधी व्यायाम आटोपावा आणि पाणी सोबत ठेवावे. थंडीत उजाडल्यावर, पावसात सभामंडपात. उसाच्या हंगामात रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉलींची वर्दळ असते. अशा वेळी पहाटेच्या अंधारात रस्त्यावर फिरण्यापेक्षा मैदानाच्या फेऱ्या सुरक्षित.

आजी का येत नाहीत?

पारावर सकाळी जमणारे बहुतेक पुरुषच असतात. सकाळची वेळ आजींसाठी चूल, सडा-सारवण आणि नातवंडांच्या डब्याची असते. चार पुरुषांसमोर हातपाय पसरायचा संकोच असतो, तो वेगळा. पाळीनंतर ठिसूळ होणारी हाडे पाहता गरज मात्र त्यांनाच अधिक आहे. त्यामुळे बायकांचा गट वेगळा आणि वेळ त्यांच्या सोयीची हवी. भजनी मंडळ जमते ती दुपार किंवा दिवेलागणीपूर्वीचा तास, देवळाचे आवार, बचत गटाची बैठक हे सोपे मार्ग आहेत. भजनाला जमलेल्या बायकांनी आधी वीस मिनिटे उठबशा, टाचा उचलणे आणि पावली केली, तर वेगळे बोलावणे लागणार नाही. हे सगळे नऊवारीतही करता येते. घोळ घोट्याच्या वर असावा एवढेच.

सरकारी यंत्रणेत याला जागा आहे का?

आहे, पण ती पुरती वापरली जात नाही. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशा कार्यकर्ती जो आरोग्य तपासणीचा अर्ज भरते, त्यात आठवड्याला किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का, असा प्रश्न आहे. साठीपुढच्यांसाठी आणखी विचारले जाते : उभे राहताना किंवा चालताना अस्थिर वाटते का? रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का? म्हणजे गावात पडण्याचा धोका कोणाला आहे, याची यादी कागदावर तयार होऊ शकते. त्या यादीतल्यांना पारावर कोणी आणायचे, हा पुढचा टप्पा आहे.

राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये वृद्धांची काळजी समाविष्ट आहे आणि तेथे योगसत्रेही घेतली जातात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र, कमरेचा पट्टा यांसारख्या साधनांसाठी आणि योगोपचार केंद्रासाठी एकवेळ ३,००० रुपये मिळतात. काठी गरजेची आहे. पण काठी हातात आली तरी मांड्यांत बळ हवेच.

गावपातळीवर लागते ते थोडेच. ग्रामपंचायतीने पटांगण सपाट आणि स्वच्छ ठेवावे, एक दिवा लावावा, बसायला योग्य उंचीचे कट्टे आणि धरायला एक लोखंडी कठडा बसवावा. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा तेथेच रक्तदाब आणि साखर तपासावी. निवृत्त शिक्षक किंवा जुना कबड्डीपटू मोजणी करायला मिळाला की वर्ग सुरू होतो. खर्चाच्या मानाने एका खुब्याच्या शस्त्रक्रियेपुढे हे काहीच नाही.

फरक पडतो आहे हे कसे कळेल?

यासाठी यंत्र लागत नाही. खुर्चीवर बसून, हात छातीशी धरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजायचे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या तक्त्यानुसार ७० ते ७४ वयाच्या पुरुषाने १२ पेक्षा कमी आणि स्त्रीने १० पेक्षा कमी वेळा उठणे हे पडण्याचा धोका वाढल्याचे लक्षण मानले जाते. खुर्ची भिंतीला टेकलेली असावी आणि शेजारी कोणीतरी उभे असावे. आकडा वहीत लिहून ठेवावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. सातचे नऊ झाले तर वर्ग काम करतो आहे.

दुसरी चाचणी घरातलीच. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातून उठताना कोणाला हाक मारावी लागते का, हे प्रत्येक ज्येष्ठाला ठाऊक असते. हाक मारावी लागण्याचा दिवस पाच-दहा वर्षे लांबवता आला, तर पाराच्या कट्ट्यावरच्या रोजच्या वीस उठबशा सार्थकी लागल्या.